तुमच्या पत्रातली शेवटची ओळ

नागपूरच्या एका वाचक ताईंचं पत्र आलं आहे. वय ३१, बँकेत नोकरी, सध्या बाळंतपणाच्या रजेवर. चार महिन्यांची जुळी आहेत, एक मुलगी आणि एक मुलगा. येत्या अक्षय तृतीयेला दोघांचेही कान टोचायचे, असं सासूबाईंनी ठरवलं आहे. ज्या सोनारकाकांनी ताईंच्या नवऱ्याचे कान टोचले होते तेच इतवारीच्या सराफ्यातून घरी येणार, मुलांना मामाच्या मांडीवर बसवणार. "बाळाले आत्ता काई समजत नाही, मोठे झाले का हात लावू देत नाही," असं सासूबाई म्हणतात. नवऱ्याचं म्हणणं, मुलीचे टोचू, मुलाचे नको, शाळेत पोट्टे चिडवतील. बाकी काय ते तुम्ही दोघी ठरवा. ताईंना वाटतं की कान मुलांचे आहेत, सोळा-सतरा वर्षांची झाली की त्यांचं त्यांना ठरवू द्यावं. हे त्या बोलल्या आणि तेव्हापासून घरात अबोला आहे. पत्राच्या शेवटी त्या लिहितात: "माझ्या आईच्या कानामागे टोचलेल्या जागी सुपारीएवढी गाठ आहे. एकदा काढली, पुन्हा आली. त्याचीही भीती वाटते. मी चुकतेय का?"

ताई,

तुम्ही तीन पानं सासूबाईंबद्दल लिहिलं आणि आईच्या गाठीला एकच ओळ दिली, तीही अगदी शेवटी. मी मात्र तिथूनच सुरुवात करते, कारण तुमच्या पत्रातली सगळ्यात वजनदार गोष्ट मला तीच वाटली. घरात वाद सुरू असला की आपण त्याच्या आवाजातच विचार करू लागतो, आणि मुद्द्याची गोष्ट कोपऱ्यात राहून जाते.

टोचलेल्या जागी वाढलेली आणि काढूनही परत आलेली गाठ केलॉइड असू शकते. जखम भरताना शरीर नवी त्वचा तयार करतं. काहींच्या शरीराला ते काम कुठे थांबवायचं हेच कळत नाही, आणि व्रण जखमेच्या हद्दीबाहेर वाढत राहतो. ही प्रवृत्ती घराण्यात उतरू शकते. नुसती कापून काढली तर गाठ बहुतेकदा परत येते, म्हणून त्वचारोगतज्ज्ञ गाठीत इंजेक्शनं देणं, दाब देणं असे उपाय जोडीने करतात. अर्थात ती गाठ दुसरीही काही असू शकेल. पत्रावरून मला ते सांगता येणार नाही, आणि तुम्हीही अंदाजावर राहू नका. या आठवड्यात आईला घेऊन एखाद्या त्वचारोगतज्ज्ञाकडे जा. मेडिकलच्या, म्हणजे नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या, त्वचारोग विभागातही दाखवता येईल. जाताना स्वतःचे कान आणि डाव्या दंडावरची बीसीजीची, म्हणजे क्षयरोगाच्या लशीची, खूणही दाखवा. ती खूण सपाट आहे की फुगून वर आलेली आहे, एवढ्यावरूनही डॉक्टरांना बरंच कळतं. तुमच्या स्वतःच्या कानांबद्दल तुम्ही काहीच लिहिलेलं नाही. त्यांना काही त्रास झाला नसेल तर तेही सांगा, ती चांगली बातमी आहे. मुलांच्या दंडावरची खूण कशी भरते तिकडेही लक्ष ठेवा.

डॉक्टर म्हणाले की ही प्रवृत्ती घरात ठळक आहे, कान टोचूच नका, तर विषय तिथेच संपला. मग मुहूर्त कोणताही असो. सासूबाईंसमोर तुमचं मत मांडावं लागणार नाही, तुमच्या आईचा कान दाखवला की पुरे.

आता तुम्हाला कदाचित आवडणार नाही असं एक सांगते. सोळा-सतराव्या वर्षापर्यंत थांबणं तुम्हाला सगळ्यात सुरक्षित आणि न्याय्य वाटतंय. केलॉइडची शक्यता असलेल्या घरात ते तसं नाही. या गाठी वयात येण्याच्या काळात आणि तरुणपणी जास्त होतात. अकराव्या वर्षाच्या आत टोचलेल्या कानांपेक्षा त्यानंतर टोचलेल्या कानांवर त्या जास्त दिसतात, असं त्वचारोगतज्ज्ञांचं निरीक्षण आहे. म्हणजे तुम्ही "नंतर तुझं तू ठरव" म्हणाल, आणि लेक सोळाव्या वर्षी मैत्रिणीसोबत बर्डीवरच्या, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारातल्या, एखाद्या दुकानात जाऊन कान टोचायच्या गनने टोचून येईल, तेही कानाच्या पाळीला एक आणि वरच्या कडेला दोन. कानाची वरची कड कूर्चेची असते. कूर्चेला स्वतःचा रक्तपुरवठा नसतो, त्यामुळे तिथे जंतू शिरले तर औषध पोचणं कठीण जातं आणि कानाचा आकार कायमचा बिघडू शकतो. थांबणं हाही निर्णयच आहे ताई, आणि त्याचीही जबाबदारी आपल्यावरच येते.

कान मुलांचे आहेत, हे तुमचं म्हणणं मला मनापासून पटतं. पण त्याचा अर्थ मला थोडा वेगळा लागतो. मुलांच्या शरीराबद्दल आपण रोजच निर्णय घेतो. लस देतो तेव्हा विचारत नाही, जावळ काढतो तेव्हाही विचारत नाही. लस त्यांच्या जिवासाठी असते, आणि जावळ काढलं तरी केस परत येतात. कान टोचणं या दोन्हींच्या मधलं आहे. जिवाला गरजेचं नाही, आणि पुसूनही जात नाही. अशा गोष्टीत मुलाला थोडा तरी वाटा हवा, एवढं मला वाटतं. तो वाटा सोळाव्या वर्षीच मिळतो असं मात्र नाही. पाच वर्षांचं लेकरू "मला पण डूल पाहिजे" म्हणतं किंवा "नको, दुखते" म्हणतं, आणि दोन्ही वेळा त्याला आपण काय बोलतोय ते चांगलं कळत असतं.

"बाळाला काही समजत नाही" हे सासूबाईंचं वाक्य माझ्याही घरात माझ्या सासूबाई म्हणाल्या होत्या. माझी लेक सव्वा महिन्याची असताना तिचे कान टोचले. सुई काढलेली दिसली तशी मी स्वयंपाकघरात गेले आणि ओट्याला धरून उभी राहिले. तिचा पहिला आवाज मला आजही ऐकू येतो. पुढे दहा मिनिटांत ती अंगावर पिऊन झोपली. बायका म्हणाल्या, बघ, विसरलीसुद्धा. तिला ते आठवत नाही हे खरं आहे, पण तिला ते दुखलं नाही असं मी म्हणू शकत नाही. लहान बाळांना वेदना नीट जाणवत नाहीत असं १९८० च्या दशकापर्यंत जगातले कित्येक डॉक्टरही धरून चालत होते. आज कुणी तसं मानत नाही. सासूबाईंना दोष देऊ नका, त्यांनी त्यांच्या काळात जे ऐकलं तेच त्या सांगतात. पण हे कारण बाजूला ठेवा. दुखणार आहे हे धरूनच ठरवायचं.

परंपरा एका बाजूला आणि तुम्ही दुसऱ्या बाजूला, असं चित्र तुम्ही पत्रात उभं केलं आहे. ते मला खरं वाटत नाही. जुने ग्रंथ उघडलेत तर तुमच्या बाजूने बोलणारं बरंच सापडेल.

सुश्रुतसंहिता या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथात सूत्रस्थान नावाचा भाग आहे, त्यातला १६ वा अध्याय कान टोचण्यावरच आहे. सहाव्या किंवा सातव्या महिन्यात, शुक्ल पक्षात, बाळाला दाईच्या मांडीवर बसवावं, खेळण्यांनी रिझवावं, पाळी ताणून उजेडात धरावी आणि जिथून सूर्याचा किरण आरपार दिसतो त्या पातळ जागी टोचावं. मुलाचा आधी उजवा कान, मुलीचा आधी डावा. रक्त फार आलं, ठणका लागला, तर जागा चुकली असं समजावं. चुकीच्या शिरेला सुई लागली तर काय काय होतं तेही तिथे दिलेलं आहे. आणि याच अध्यायात फाटलेली पाळी जोडण्याचे १५ प्रकार सांगितले आहेत! ज्यांनी हा विधी लिहून ठेवला त्यांना तो बिघडूही शकतो याची तुमच्याइतकीच काळजी होती. वाग्भटाने अष्टांगहृदय या आयुर्वेदाच्याच दुसऱ्या ग्रंथात सहावा, सातवा किंवा आठवा महिना सांगितला आणि पुढे दोन अटी घातल्या. बाळ 'नीरुज' हवं, म्हणजे त्याला कसलंही दुखणं नसावं, आणि कान 'हिमागमे' टोचावेत. म्हणजे थंडी सुरू होताना.

नागपूरकरांना यावर वेगळं काही सांगायला नको. अक्षय तृतीया एप्रिलच्या उत्तरार्धात नाहीतर मेमध्ये येते. पारा ४४-४५ ला टेकलेला, कूलर सुरू असला तरी बाळाच्या मानेवर घामोळ्या, कानामागे घाम साचलेला. त्यात दोन बाळांच्या चार ताज्या जखमा. साडेतीन मुहूर्तांतला दिवस म्हणून तो सोनं घ्यायला उत्तम आहे, कान टोचायला नाही. हे सासूबाईंना सांगताना "डॉक्टर म्हणतात" पेक्षा "वाग्भटाने हिवाळा सांगितलाय" हे जास्त ऐकलं जाईल, आणि ते खोटंही नाही.

मुहूर्ताची घाईही तशी नाही. आपल्याकडे कुणी बाराव्या दिवशी बारशालाच टोचतात, कुणी सव्वा महिन्यात, कुणी वाढदिवसाला. कात्यायनसूत्रात तिसरं किंवा पाचवं वर्ष दिलेलं आहे. गौतम धर्मसूत्राच्या ४० संस्कारांच्या यादीत तर कर्णवेध, म्हणजे कान टोचण्याचा संस्कार, नाहीच. सोळा संस्कारांच्या याद्यांत तो पुढे आला. तेव्हा आत्ता राहिलं तर कायमचं राहिलं, ही भीती सासूबाईंनी मनातून काढून टाकावी.

पण ती भीती कुठून येते तेही एकदा बघा. सुश्रुताने कान टोचण्याची कारणं दोन सांगितली, आधी रक्षण आणि मग भूषण. विदर्भात नत्थू नावाची माणसं तुम्ही पाहिली असतील. ज्या घरात मुलं जगत नसत तिथे नव्या मुलाचं नाक टोचून त्याला नथ घालत, आणि नावही तेच पडे, म्हणजे काळाची नजर त्याच्यावर पडू नये. दगडू, धोंडू ही नावंही त्याच धास्तीतून आली. तुमच्या सासूबाईंनी किंवा त्यांच्या सासूबाईंनी एखादं लेकरू गमावलं होतं का? विचारून बघा. "का करायचं?" असं नका विचारू, तो वादाचा सूर झाला. "आई, तुमचे कान कुणी टोचले होते? कुठे बसवलं होतं तुम्हाला?" असं विचारा. कदाचित त्या अर्धा तास बोलतील. अबोला असाच सुटतो, आणि "आमच्या घरात कोणाचे कान मोकळे राहिले नाही" या त्यांच्या वाक्यामागे नेमकं काय आहे तेही कळेल.

आता तुमच्या अहोंबद्दल. त्यांचे स्वतःचे कान टोचलेले आहेत. त्यांना शाळेत कुणी चिडवलं होतं का? मुलाचे नको म्हणताना ते स्वतःच्या लहानपणाबद्दल बोलत असावेत, असा मला दाट संशय आहे, आणि ते त्यांनी तुमच्याजवळ मोकळेपणाने बोलायला हवं. पण मुलीचे टोचायचे आणि मुलाचे नाही, हे ग्रंथाला धरून नाही. सुश्रुताने मुलाचा उजवा कान आधी सांगितला, म्हणजे मुलगा त्यात गृहीतच आहे. आपल्याकडे पुरुष भिकबाळी घालत आले आहेत, जुन्या चित्रांत मराठे सरदारांच्या कानात मोती दिसतात. मुलाला वगळलं की तो संस्कार उरत नाही, मुलीचा दागिना उरतो. दागिना म्हणून करायला माझी ना नाही, पण मग तसंच म्हणा. संस्काराच्या नावाखाली एकाच बाळाला सुई नको. करायचं तर दोघांचं, थांबायचं तर दोघांचं.

आणि "तुम्ही दोघी ठरवा" हे त्यांनी म्हणू नये. सोनारानेच कान टोचावेत असं आपण म्हणतो ते यासाठीच, ज्याचा अधिकार त्याने बोलावं. आई त्यांची आहे. "या अक्षय तृतीयेला नाही" हे वाक्य त्यांच्या तोंडून जायला हवं. सून बोलली की तो हट्ट ठरतो. मुलगा बोलला तर आईला तासभर राग येईल आणि मग ती विचार करेल.

आता मी तुमच्या जागी असते तर काय केलं असतं, ते सांगते. येत्या हिवाळ्यात जुळी साधारण वर्षाची होतील. ऋतू चांगला, पण वय अवघड. त्या वयात हाताला लागेल ते ओढतात, आणि तुमच्याकडे तर दोघं एकमेकांच्या कानातलं ओढणार. सुटलेली फिरकी तोंडात जायला वेळ लागत नाही. म्हणून त्वचारोगतज्ज्ञांनी हरकत नाही म्हटलं, तर मी पाचवं वर्ष धरलं असतं. कात्यायनसूत्राचं एक वर्ष तेच आहे. मूल बसतं, बोलतं, नको म्हणू शकतं, कानाला हात लावू नको म्हटलं तर बरंचसं ऐकतं, आणि अकरावं वर्ष अजून लांब असतं. तेव्हाही दिवाळीनंतरचाच दिवस धरायचा. पाच वर्षांचं एखादं लेकरू नको म्हणालं, तर त्याचं राहू द्यायचं.

सगळं बोलूनही घरातून या वर्षीचाच आग्रह राहिला, तर तुमच्यासारख्या इतरही आयांच्या उपयोगाला येईल म्हणून काही सांगते. बाळाचे पेंटाव्हॅलेंट लशीचे तिन्ही डोस, म्हणजे ६, १० आणि १४ आठवड्यांचे, झालेले हवेत, कारण त्यात धनुर्वाताची लस असते. ताप, सर्दी, जुलाब असताना नाही. इतवारीतल्या काकांचा हात सराईत असेलच, चाळीस वर्षं जे करत आले त्यांना पाळीची जागा आपल्यापेक्षा चांगली कळते. पण हात चांगला असणं आणि सुई निर्जंतुक असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एकाच्या रक्ताने माखलेली सुई दुसऱ्याला लागली तर कावीळ बी, कावीळ सी, एचआयव्ही जाऊ शकतात. म्हणून आपल्यासमोर फोडलेली, एकदाच वापरायची सुई, हातमोजे, आणि जुळ्यांसाठी दोन वेगळ्या सुया. काकांना हे आदल्या दिवशी फोनवर मानाने सांगा, पाहुण्यांसमोर नको. ते चालत नसेल तर बालरोगतज्ज्ञ किंवा कान-नाक-घशाचे डॉक्टर हे काम करतात, काही जण मुहूर्ताची वेळही सांभाळतात. दुकानातली गन टाळा. तिचे प्लास्टिकचे भाग उकळत्या वाफेत निर्जंतुक करता येत नाहीत, आणि ती टोचण्यापेक्षा ठोकते जास्त.

टोचण्याआधी बाळाला सरळ धरून दोन्ही पाळ्यांवर पेनाने ठिपके काढायला सांगा आणि समोरून बघा. माझ्या लेकीचं एक भोक दुसऱ्यापेक्षा जरा वर आहे, आणि आरशासमोर ती अजून मला ते दाखवते. टोचताना किंवा लगेच नंतर अंगावर घ्या, त्याने बाळाचं दुखणं खरंच कमी होतं. बधिर करणारं मलम स्वतःच्या मनाने लावू नका, इतक्या लहान बाळांना त्यातली काही चालत नाहीत. कुणी कौतुकाने मध चाटवायला आलं तर हात धरा, वर्षाच्या आत मध नाहीच.

कानात चोख सोन्याची बारीक तार किंवा बाळी घाला. खोट्या दागिन्यांत निकेल असतं आणि त्याने कान चिघळतो. फिरकी असेल तर ती सैल हवी, घट्ट बसली तर सूज आल्यावर पाळीत रुतते. दिवसातून दोनदा हात धुऊन मिठाच्या निर्जंतुक पाण्याने, म्हणजे औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या सलाइनने, हलकं पुसा. बाळी सारखी फिरवत बसू नका. स्पिरिट नको, डब्यातली हळद आणि खोबरेल तेलही नको, आजींना वाईट वाटलं तरी. लोकरी टोपडं घालताना-काढताना बाळी दोऱ्यात अडकते, म्हणून सहा ते आठ आठवडे साधी सुती टोपी बरी. पाळी लाल होऊन तापली, पू आला, ताप आला, तर त्याच दिवशी डॉक्टर.

अक्षय तृतीयेला मात्र सासूबाईंना रिकाम्या हाताने बसवू नका. त्यांना घेऊन इतवारीच्या सराफ्यात जा, त्याच काकांकडे, मामालाही सोबत घ्या. दोन जोड बाळ्या सासूबाईंच्या पसंतीने करून घ्या. जुळ्यांना मांडीवर घेऊन, गूळ-खोबरं वाटून, बाळ्या देवापुढे ठेवा आणि सासूबाईंच्याच हाताने कपाटात ठेवायला द्या. त्यांचा मान राहील आणि सोनंही मुहूर्तावर घरात येईल. डब्या मात्र दोन घ्या आणि वर नावं लिहा. जुळ्यांच्या बाळ्या एका डबीत ठेवल्या तर पाच वर्षांनी कोणती कुणाची यावरून भांडण होईल, आणि तेव्हा बोलायला तीही असतील.